कायदा संमत झाला, अंमल केव्हा?

शेजारच्या कर्नाटकाच्या विधिमंडळाने २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात तंबाखूविषयक केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. हुक्का पार्लर चालविण्यास मनाई, तंबाखूचे पदार्थ विकत घेणाऱ्याची किमान वयोमर्यादा अठराऐवजी एकवीस वर्षे आणि सार्वजनिक जागी धूम्रपान करणाऱ्यास दोनशेऐवजी एक हजार रुपयांपर्यंत दंड, अशा त्यातील प्रमुख तरतुदी. केंद्राच्या कायद्याहून निराळे काही करावयाचे म्हणजे राष्ट्रपतींची अनुमती हवी. ती मिळून हा कायदा राजपत्रात येण्यास २०२५ चा मे महिना उजाडला. सभागृहातील मतदान आणि राजपत्रातील छपाई यांच्यामध्ये पंधरा महिने गेले. तंबाखूच्या कायद्यांचा आपल्याकडील इतिहास पाहता हा प्रवास बराच त्वरेने झाला असेच म्हणावे लागेल!

विधेयक मांडले गेले, चर्चा झाली, सदस्यांनी बाके वाजविली की कायदा झाला, अशी सामान्य नागरिकाची समजूत असते आणि ती करून देण्यात आम्हा वृत्तपत्रांचाही थोडाफार वाटा आहे. वस्तुतः मतदान हा कायद्याच्या जन्मातील एक टप्पा होय. त्याच्या आधी विधेयक समितीपुढे जाते. नंतर अनुमती लागते, कायदा कोणत्या दिवसापासून अमलात यावयाचा याची अधिसूचना लागते आणि तपशील ठरविणारे नियम सरकारी कचेरीत तयार व्हावे लागतात. या प्रत्येक दारावर विधेयकाला अडवून धरता येते. तंबाखूचा व्यापार ज्यांच्या हाती आहे, त्यांना हे फार पूर्वी उमगले आहे. भर सभागृहात तंबाखूची तरफदारी करण्यास आज कोणी धजत नाही. लढाई खेळली जाते ती या बाजूच्या दारांशी.

मुळातच या विषयात शासनाचे मन दुभंगलेले आहे. १९७५ या एकाच वर्षात संसदेने तंबाखूसंबंधी दोन कायदे केले. एकाने सिगारेटच्या पाकिटावर आरोग्यास अपाय होतो असा इशारा छापणे सक्तीचे केले. दुसऱ्याने तंबाखू मंडळ स्थापन करून त्या पिकाची लागवड, विक्री आणि निर्यात यांची वाढ करण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. एका हाताने इशारा द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने माल परदेशी धाडावयाचा, हा प्रकार तेव्हापासून चालू आहे. इशाऱ्याचा कायदा होता तोही केवळ सिगारेटपुरता. खेड्यापाड्यांतील माणूस जी विडी ओढतो आणि जी तंबाखू चुन्याबरोबर मळून दाढेखाली धरतो, त्यांचा त्यात उल्लेख नव्हता. गरिबाच्या व्यसनाला इशाऱ्याचेही संरक्षण मिळाले नाही.

ही उणीव भरून काढावी असे संसदेच्या अधीनस्थ विधिविधान समितीने १९९५ साली सुचविले. जाहिरातींवर बंदी, अधिक ठळक इशारे आणि सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होईल असा व्यापक कायदा, अशा तिच्या शिफारशी होत्या. त्यानंतर विधेयक राज्यसभेत येण्यास २००१ साल उजाडले. मधल्या काळात जे संसदेला करता आले नाही, ते इतरांनी आपापल्या परीने केले. दिल्लीच्या विधानसभेने १९९६ साली स्वतःचा कायदा केला. गोव्याच्या विधानसभेने धूम्रपान आणि थुंकणे यांना सार्वजनिक जागी मनाई करणारे विधेयक १९९७ साली संमत केले आणि १९९९ साली ते अधिनियम म्हणून प्रसिद्ध झाले. केरळच्या उच्च न्यायालयाने १९९९ च्या जुलै महिन्यात सार्वजनिक धूम्रपान बेकायदा ठरविले. अखेर मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी इस्पितळे, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि सार्वजनिक वाहने येथील धूम्रपानास देशभर मनाई केली. विधेयक तेव्हा संसदेपुढे पडून होते. विधिमंडळाचे काम न्यायालयाला करावे लागणे हे न्यायालयास भूषणावह असेल, विधिमंडळास खचितच नाही.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. जाहिरातबंदीचे विधेयक आणण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २००१ च्या फेब्रुवारीत जाहीर करताच देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीने क्रिकेट सामन्यांचे प्रायोजकत्व सोडून दिले. १९९६ चा विश्वचषक ज्या सिगारेटच्या नावाने खेळला गेला होता, ते नाव मैदानावरून गेले. विधेयकावर एकही मत पडण्यापूर्वी हे घडले. सरकारचा निश्चय खरा आहे असे दिसले की उद्योगही ओळखून वागतो, आणि निश्चय डळमळीत आहे हेही तो तितक्याच लवकर ओळखतो. पुढील इतिहास या दुसऱ्या प्रकारचा आहे.

केंद्रीय कायदा २००३ साली संमत झाला. त्यातील पहिल्या तरतुदी १ मे २००४ पासून अमलात आल्या. सार्वजनिक जागांविषयीचे सध्याचे नियम लागू झाले २ ऑक्टोबर २००८ रोजी. दुकानांतील जाहिरातींना आळा घालणाऱ्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने उठविली ती २०१३ च्या जुलै महिन्यात. म्हणजे सात वर्षे ते नियम कागदावर होते आणि दुकानांवरचे फलकही जागच्या जागी होते. पाकिटावरील चित्रांची कथा याहून उद्बोधक आहे. मूळ कायद्यात कवटी आणि हाडांचे चिन्ह सक्तीचे होते. नियम २००६ साली निघाले, त्यांची मुदत पुनःपुन्हा वाढविली गेली, आणि त्याच सुमारास, २००७ साली, संसदेने स्वतःच्याच कायद्यात दुरुस्ती करून कवटीची सक्ती काढून टाकली! एकदाही अमलात न आलेले कलम अमलात येण्यापूर्वीच सौम्य झाले. शेवटी ३१ मे २००९ रोजी जी चित्रे पाकिटांवर आली, त्यांनी दर्शनी बाजूचा ४० टक्के भाग व्यापला होता. धुराच्या तंबाखूवर फुप्फुसाचे छायाचित्र आणि खाण्याच्या तंबाखूवर विंचू. या विंचवाचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध अक्षरशत्रू ग्राहकाने कसा जोडावा हे नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

चित्राचा आकार पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंवर ८५ टक्के करण्याचे नियम आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये काढले. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हावयाचे होते. त्याच्या आदल्या महिन्यात लोकसभेच्या अधीनस्थ विधिविधान समितीने नियम तूर्त स्थगित ठेवावेत असे सुचविले. वीस वर्षांपूर्वी कडक कायद्याची मागणी करणारी समिती ती हीच! तिचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी, यांनी तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध सिद्ध करणारी भारतीय पाहणी नसल्याचे उद्गार काढले. समितीच्या सदस्यांत उत्तर प्रदेशातील एक खासदार असे होते की ज्यांचा स्वतःचा विड्यांचा मोठा व्यवसाय होता. टाटा स्मारक रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची रांग ज्या महाराष्ट्रात लागते, त्याच महाराष्ट्राच्या प्रतिनिधीला हा संशय पडावा याचे आम्हांस आजही नवल वाटते. विड्यांच्या कारखानदाराने विड्यांच्या नियमांची छाननी करावी, यात मात्र नवल नाही. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय होते हे आपण सारे जाणतो.

सरकारने माघार घेतली. राजस्थान उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर १ एप्रिल २०१६ ही नवी तारीख ठरली. समितीने त्या आधीच्या महिन्यात आपल्या अंतिम अहवालात चित्र ५० टक्क्यांपुरते ठेवावे असे म्हटले. यावेळी मात्र सरकार बधले नाही. मग लढाई न्यायालयांत गेली. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये त्या निर्णयाला स्थगिती दिली. म्हणून आज ते मोठे चित्र पाकिटावर दिसते. कायदा संमत झाला २००३ साली, आणि त्यातील एका तरतुदीला पूर्ण आकार येण्यास तेरा वर्षे लागली.

संसदेची चाल मुळातच मंद असते, असा कोणी युक्तिवाद करील. तो खरा नाही. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवरील बंदीचा अध्यादेश १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघाला, २७ नोव्हेंबरला विधेयक लोकसभेत संमत झाले, २ डिसेंबरला राज्यसभेत आणि त्याच आठवड्यात राष्ट्रपतींची अनुमतीही मिळाली. अवघ्या अकरा आठवड्यांत एक संपूर्ण उत्पादन देशातून हद्दपार झाले! या वेगाचे रहस्य काय? या नव्या सिगारेटीच्या पाठीशी देशात शेतकरी नव्हता, कामगार नव्हता, मतदारसंघ नव्हता आणि सरकारच्या तिजोरीत तिच्यापासून येणारा मोठा महसूलही नव्हता. जुन्या सिगारेटीच्या पाठीशी हे सारे आहे. देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या भागभांडवलात सरकारी आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे, हेही येथे विसरता कामा नये. जेथे इच्छा असते तेथे संसद धावते, आणि जेथे ती नसते तेथे समितीचा अहवाल यावयाचा असतो.

कायदा न करता आदेशाने काम भागविण्याची आणखी एक वाट सरकारे शोधतात. तिचे फळ गुटख्याच्या बाबतीत दिसले. महाराष्ट्राच्या अन्न प्राधिकाऱ्याने २००२ साली पाच वर्षांसाठी गुटखाबंदीचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तो रद्द केला. अशी बंदी घालण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्यास नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. हेतू चांगला असूनही पाया कच्चा असल्याने इमारत कोसळली. गोव्याने येथे शहाणपण दाखविले. २००५ साली सार्वजनिक आरोग्य अधिनियमातच दुरुस्ती करून गोवा विधानसभेने गुटख्याला मनाई केली. पुढे २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटिन मिसळण्यास मनाई केली. त्यांच्या आधारे मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून आणि महाराष्ट्राने त्याच वर्षीच्या जुलैत बंदी घातली. तथापि हे आदेश एकेका वर्षाचे असतात आणि दरवर्षी नव्याने काढावे लागतात. व्यापाऱ्यांनी तोवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी टांगून विकण्याची युक्ती काढली. ग्राहक त्या हातावर एकत्र करतो आणि गुटखा तयार होतो. जो कायदा फक्त मिश्रणाला मनाई करतो, त्याला दोन पुड्या हसतात.

या साऱ्यावरून तंबाखूची बाजू म्हणजे केवळ धनाढ्यांची बाजू असे कोणी समजू नये. आमच्या सीमेपलीकडील निपाणीकडे पाहावे. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी १९८१ साली महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी बळी पडले. त्याच परिसरात हजारो स्त्रिया घरोघरी विड्या वळून संसार चालवीत आल्या. विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ सालचा, कल्याण निधीचा कायदा १९७६ सालचा. हा निधी विडीवरील उपकरातून भरला जाई. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला आणि तो उपकर रद्द झाला. विडी वळणारीच्या मुलाची शिष्यवृत्ती आणि तिचा दवाखाना ज्या पैशावर चालावयाचा, त्याचा हक्काचा झरा आटला.

तंबाखूच्या प्रत्येक विधेयकाच्या वेळी या स्त्रीला आणि त्या शेतकऱ्याला पुढे केले जाते. त्यांच्या पोटाचे काय, असा सवाल सभागृहात विचारला जातो, विधेयक लांबते आणि मग त्या पोटाची आठवण पुढील विधेयकापर्यंत कोणास राहत नाही. हा सवाल खोटा नाही, तो विचारणाऱ्यांची कळकळ मात्र खोटी आहे. भारताने २००४ साली ज्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण करारास मान्यता दिली, त्यातच पिकविणारे आणि राबणारे यांना पर्यायी उपजीविका देण्याची जबाबदारी सांगितली आहे. ती पार पाडण्याऐवजी सरकारने सोपी वाट धरली. जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. विडी स्वस्त केल्याने वळणारीची मजुरी वाढेलच असे नाही. ओढणाऱ्याचे आयुष्य मात्र खासच कमी होईल. आणि बहुधा तो ओढणारा तिच्याच गल्लीत राहणारा असतो.

गोव्यापुरते पाहिले तर समाधान मानण्यास जागा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत. गोव्यातील प्रमाण ९.७ टक्के होते आणि ते देशात सर्वांत कमी होते. या यशात लोकांच्या सवयींचा भाग किती आणि कायद्याचा किती, हे सांगणे कठीण. परंतु केंद्राच्या आधी चार वर्षे आपल्या विधानसभेने पाऊल उचलले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि पर्यटनावर जगणाऱ्या राज्यापुढे मोहही मोठा असतो. केंद्रीय कायद्याने तीस खोल्यांची हॉटेले आणि तीस आसनांची उपाहारगृहे यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची सवलत दिली आहे. ही सवलत काढून टाकणारा आणि वयोमर्यादा एकवीस करणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२० सालच्या अखेरीस हरकतींसाठी प्रसिद्ध केला. हरकती आल्या, त्या भरपूर आल्या, आणि मसुदा मंत्रालयाच्या कपाटात स्वस्थ पडला. कर्नाटकासारख्या राज्याला स्वतःची दुरुस्ती करावी लागली ती या पार्श्वभूमीवर. महाराष्ट्रानेही २०१८ साली हुक्का पार्लरांपुरती अशी दुरुस्ती केली, पण त्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत माणसे होरपळून मरावी लागली. बैल गेला नि झोपा केला, ही आपली म्हण लोकप्रतिनिधींनी विधिमंडळाच्या दारावर कोरून ठेवावी.

मग करावे काय? नव्या कायद्यांची मागणी करण्यापूर्वी कायदे करण्याची पद्धत सुधारण्याची मागणी आम्ही करतो. पहिली गोष्ट ही की अंमलबजावणीची तारीख आणि नियम करण्याची मुदत विधेयकातच लिहिली जावी. सरकारला वाटेल त्या दिवशी, अशी मोकळीक देणारे कलम म्हणजे कायद्याच्या पोटात ठेवलेली पळवाट होय. दुसरी गोष्ट, ज्या सदस्याचा त्या धंद्यात पैसा गुंतला आहे, त्याने समितीत त्या विषयावर बसू नये. आंतरराष्ट्रीय करारानेही तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून आरोग्यधोरण दूर ठेवण्याचे बंधन आपल्यावर घातले आहे. न्यायाधीश स्वतःच्या नातेवाइकाचा खटला चालवीत नाही. आमदार-खासदारांना वेगळा न्याय कशासाठी? तिसरी गोष्ट, विडी कामगार आणि तंबाखूचा शेतकरी यांच्यासाठीची तरतूद त्याच विधेयकात, रकमेसह, असावी. म्हणजे त्यांच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांना त्या रकमेच्या बाजूने हात वर करण्याची संधी मिळेल. आणि चौथी, प्रत्येक अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांनी किती ठिकाणी तपासणी झाली, किती दंड वसूल झाला आणि शाळांपासून शंभर यार्डांच्या आत किती दुकाने आढळली याचे निवेदन सभागृहापुढे ठेवावे. नियम संसदेपुढे तीस दिवस ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. ते उघडून पाहण्याची तसदी किती सदस्य घेतात?

हा केवळ दिल्लीचा प्रश्न नाही. पर्वरीच्या सभागृहात आपण निवडून दिलेले चाळीस सदस्य बसतात. कर्नाटकाने जे केले ते गोव्याने करावे काय, एकवीस वर्षांची मर्यादा येथे आणावी काय, हॉटेलांतील सवलत ठेवावी की काढावी, हे त्यांना विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदारास आहे. आमचे उत्तर स्पष्ट आहे. मर्यादा आणावी आणि सवलत काढावी. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न त्यानंतरचा आहे: संमत केलेला कायदा कोणत्या तारखेपासून लागू होणार, आणि तो लागू झाला नाही तर जाब कोणी द्यावयाचा? पाकिटावरील चित्र मोठे होण्याची तेरा वर्षे वाट पाहताना ज्यांची मुले व्यसनाला लागली, त्यांना या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. सदस्यांनी बाके जरूर वाजवावीत, पण तारीख ठरल्यानंतर.